एबेल १६८९ मधलं कृष्णद्रव्य मोजताना: कामाच्या नोंदी

६ जानेवारी

काम ठरलं. एबेल १६८९ या दीर्घिकासमूहातलं कृष्णद्रव्य केंद्रापासून बाहेरपर्यंत कसं पसरलं आहे, ते दुर्बल भिंगपरिणामावरून मोजायचं, म्हणजे समूहाच्या गुरुत्वामुळे त्याच्या मागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा किंचित ताणल्या जातात त्यावरून. निरीक्षणं सुबारू दुर्बिणीच्या सार्वजनिक संग्रहातली, संगणक घरचा, वेळ रोज संध्याकाळी दोन-तीन तास. माझा अंदाज सहा आठवड्यांचा आहे.

हाच समूह का, ते आधी लिहून ठेवते, कारण निवडीवर मी तीन संध्याकाळी घालवल्या आणि त्या वाया गेल्या नाहीत. समूहाची ताम्रसृती, म्हणजे त्याचा प्रकाश तांबड्याकडे किती सरकला आहे तो आकडा (जितका मोठा तितकं अंतर जास्त), ०.१८३ आहे, म्हणजे तसा तो जवळ आहे. मागच्या दीर्घिका नेमक्या किती दूर आहेत ते आपल्याला एकेकीचं माहीत नसतं, सरासरीवर भागवावं लागतं. ही सरासरी ०.९ ऐवजी १.२ निघाली, तर एबेल १६८९ च्या बाबतीत भिंगाची ताकद जेमतेम ६ टक्क्यांनी बदलते. ०.५ ताम्रसृतीच्या समूहासाठी तोच हिशेब केला तर फरक ३० टक्क्यांच्या वर गेला. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने दूरचा समूह घेऊ नये. हबलच्या सुंदर चित्रांचा मोह मलाही झाला होता.

११ जानेवारी

सुबारूवरच्या सुप्राइम-कॅम या कॅमेऱ्याच्या प्रत्येक छायाचित्राचे दहा तुकडे येतात, दर सीसीडीचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, एक. व्ही आणि आय अशा दोन फिल्टरमधली छायाचित्रं, त्यांचे बायस (प्रकाशाशिवायही चिप दाखवते ते आकडे वजा करायला), त्यांचे फ्लॅट (एकसारख्या उजेडाची छायाचित्रं, पिक्सेलांच्या संवेदनेतला फरक भागून काढायला), सगळं उतरवून घेतलं. डिस्क निम्मी भरली. मधल्या पायऱ्यांच्या फाइली मूळ माहितीच्या चौपट जागा खातात हे आधी माहीत असतं, तर वेगळी डिस्क पहिल्याच दिवशी जोडली असती.

२० जानेवारी

नऊ दिवस गेले. फ्लॅटने भागल्यावर प्रत्येक तुकड्यावर पट्टे आणि ढगांसारखे डाग दिसत होते. मी कोडमध्ये चूक शोधत राहिले. चूक फाइलींमध्ये होती. या कॅमेऱ्याचे सीसीडी २००८ साली बदलले. माझी छायाचित्रं त्याआधीची, आणि मी उचललेल्या फ्लॅटपैकी निम्मे त्यानंतरचे. फिल्टरचं नाव तेच असल्यामुळे शोधात दोन्ही एकत्र आले होते. आता फ्लॅट त्याच निरीक्षणसत्रातले घेतले आहेत आणि आकाश सपाट दिसतंय.

२ फेब्रुवारी

छायाचित्रं एकमेकांवर बसवण्याचं काम. हे काम कंटाळवाणं म्हणून उरकू नका. कॅमेऱ्याच्या कडेला प्रतिमा ताणली जाते आणि तो ताण नीट काढला नाही, तर तो थेट मागच्या दीर्घिकांच्या आकारात उतरतो. आपण नेमकं तेच मोजणार असतो. मी आधी दुसऱ्या घाताची बहुपदी वापरली. मध्यभागी सगळं छान जुळलं, कोपऱ्यातले तारे मात्र जोडीजोडीने दिसू लागले. चौथ्या घातावर गेल्यावर जुळणी एका पिक्सेलच्या दहाव्या भागाइतकी आली. इथे एक पिक्सेल ०.२ आर्कसेकंदांचा आहे (एका अंशाचे ६० आर्कमिनिट, एका आर्कमिनिटाचे ६० आर्कसेकंद).

ज्या छायाचित्रांत हवा अस्थिर होती आणि तारे फुगलेले होते ती गाळली. गाळताना जिवावर येतं, कारण एकूण प्रकाश कमी होतो. पण आकार मोजायचा तर तीक्ष्णता आधी. आकारांसाठी फक्त आय फिल्टर, कारण त्यातली हवा सर्वांत शांत होती. व्ही फिल्टर फक्त रंगासाठी.

१४ फेब्रुवारी

पीएसएफ, म्हणजे वातावरण आणि दुर्बीण मिळून बिंदूसारख्या ताऱ्याची जी प्रतिमा करतात ती. तारा गोलच असायला हवा. तो जिथे लांबट दिसतो, तिथल्या दीर्घिकांतून तेवढा लांबटपणा वजा करावा लागतो. त्यासाठी आधी तारे ओळखायचे: तेजस्विता आणि आकार यांचा आलेख काढला की तारे एका सरळ पट्टीत उभे राहतात.

माझी चूक पट्टीच्या वरच्या टोकाला झाली. सर्वांत तेजस्वी तारे जास्त भरवशाचे असं समजून मी तेही घेतले. त्यांचे मधले पिक्सेल भरून वाहिलेले होते, म्हणून त्यांची प्रतिमा खऱ्यापेक्षा जाड होती. जाड पीएसएफ धरून दुरुस्ती केली की लहान दीर्घिकांचा लांबटपणा अवाजवी वाढतो. आता पट्टीचा मधला भागच घेतला आहे. ताऱ्यांचा लांबटपणा दुरुस्तीआधी ३ टक्क्यांच्या आसपास होता, दुरुस्तीनंतर अर्ध्या टक्क्याच्या आत आला. ईशान्य कोपऱ्यात तारे कमी आहेत, तिथली दुरुस्ती मला पटलेली नाही. खूण करून पुढे जाते आहे.

२७ फेब्रुवारी

दीर्घिकांचे आकार मोजण्याचा माझा कोड १९९५ च्या कायझर-स्क्वायर्स-ब्रॉडहर्स्ट पद्धतीचा आहे. जुनी पद्धत, पण प्रत्येक पायरी हाताने तपासता येते. खऱ्या माहितीवर चालवण्याआधी गॅलसिम या दीर्घिकांच्या कृत्रिम प्रतिमा बनवणाऱ्या प्रणालीने खोटं आकाश तयार केलं, त्यातल्या सगळ्या दीर्घिकांना ०.०५ इतका शिअर, म्हणजे भिंगामुळे येणारी ओढ, मुद्दाम दिली आणि कोडला विचारलं: किती?

उत्तर आलं ०.०४३. चौदा टक्के कमी.

सगळ्या आकड्यांना सरसकट १.१६ ने गुणून मी मोकळी होणार होते. सुदैवाने आधी आकारानुसार गट पाडून पाहिले. मोठ्या दीर्घिकांत तूट नगण्य होती, पीएसएफइतक्याच लहान दीर्घिकांत ती प्रचंड होती. मग पीएसएफच्या १.२ पटीपेक्षा लहान असलेल्या सगळ्या दीर्घिका काढून टाकल्या आणि उरलेल्यांसाठी आकार व तेजस्वितेनुसार वेगळा गुणक लावला. या खोट्या आकाशात जवळजवळ दोन आठवडे गेले. सहा आठवड्यांचा अंदाज इथेच मोडला.

१६ मार्च

अकरा दिवसांची ही नोंद एकत्र लिहिते आहे, कारण मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही सुचत नव्हतं.

खरी माहिती घातली आणि काहीच आलं नाही. समूहाभोवती वर्तुळाकार पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यातल्या दीर्घिका स्पर्शिकेच्या दिशेने किती ताणल्या आहेत त्याची सरासरी काढायची असते. माझी सरासरी प्रत्येक पट्ट्यात शून्य. एबेल १६८९ आकाशातल्या सर्वांत ताकदवान भिंगांपैकी एक. टायसन, वाल्डेस आणि वेंक यांनी १९९० साली ज्या समूहांत हा परिणाम प्रथम पाहिला त्यांत हाही होता. इथे शून्य येणं शक्यच नव्हतं.

एकट्या दीर्घिकेचा स्वतःचा लांबटपणा ०.३ च्या घरात असतो आणि भिंगाची भर ०.०५ ची. म्हणून मला वाटलं, गोंधळ जास्त आहे, सरासरी अजून मोठी घ्यायला हवी. पट्टे रुंद केले. तरी शून्य. स्पर्शिकेशी ४५ अंश करणाऱ्या दिशेतला दुसरा घटक पाहिला, तोही शून्य, आणि तो शून्यच असायला हवा असल्यामुळे मला उगाच धीर आला.

शेवटी २ ते ८ आर्कमिनिटांचा एकच पट्टा घेऊन त्याचे पंधरा अंशांचे चोवीस तुकडे केले आणि प्रत्येकाची सरासरी कोनाप्रमाणे मांडली. समोर लाट उभी राहिली, पूर्ण फेरीत चार शिखरं, चार दऱ्या. परिणाम तिथे होता, फक्त फेरी पूर्ण होताना स्वतःलाच खोडून काढत होता.

कारण एका चिन्हाचं. चित्रात आडवा अक्ष उजवीकडे वाढतो, आकाशात विषुवांश (रेखांशासारखं माप) डावीकडे वाढतो. मी जागा आकाशाच्या अक्षांवर घेतल्या होत्या आणि आकार चित्राच्या अक्षांवर. त्यामुळे लांबटपणाच्या दुसऱ्या घटकाचं चिन्ह उलटलं. हे चिन्ह उलटलं की स्पर्शिकेचा घटक आणि ४५ अंशांचा घटक, दोन्ही सरासरीत शून्य होतात. उलटं उत्तर आलं असतं तर चूक लगेच कळली असती. एक उणे चिन्ह टाकलं आणि ५ आर्कमिनिटांवर ०.०६ चा शिअर आला. त्या रात्री मी तो आलेख बराच वेळ नुसता बघत बसले.

हे करणाऱ्यांना विनंती: खोटं आकाश तयार करताना सगळीकडे एकच शिअर देऊ नका. मध्ये एक खोटा समूह ठेवा आणि त्याच फाइली, त्याच अक्षांच्या रूपांतरातून शेवटपर्यंत न्या. मी तसं केलं असतं तर अकरा दिवस वाचले असते.

२२ मार्च

आलेखाची सूत्राशी पहिली जुळणी. कृष्णद्रव्य कसं पसरतं ते सांगणाऱ्या नवारो, फ्रेंक आणि व्हाइट यांच्या सूत्रात दोन आकडे असतात: एकूण वस्तुमान आणि केंद्रीकरण, म्हणजे ते मध्याकडे किती दाटलं आहे. एवढ्या मोठ्या समूहासाठी सिद्धांत ४ ते ५ केंद्रीकरण सांगतो. माझं आलं ३, त्रुटीसकट सिद्धांताशी सुसंगत. मी वहीत ‘जमलं’ असं लिहिलं.

२८ मार्च

जमलं नव्हतं.

आलेखात एक गोष्ट खुपत होती. बाहेरून आत येताना शिअर वाढत जायला हवा. माझा ३ आर्कमिनिटांपर्यंत वाढतो आणि मग सपाट होतो. जुळणी हे खपवून घेते, केंद्रीकरण कमी करते आणि पुढे जाते. म्हणून मी शिअर बाजूला ठेवून नुसत्या दीर्घिका मोजल्या: दर चौरस आर्कमिनिटाला किती, केंद्रापासून किती अंतरावर. खरोखर मागच्या असतील तर त्यांची घनता सगळीकडे साधारण सारखी हवी, केंद्राजवळ उलट थोडी कमी, कारण भिंग मागचं आकाश ताणून विरळ करतं. माझ्या यादीची घनता केंद्राकडे चढत होती.

म्हणजे ‘मागच्या’ म्हणून घेतलेल्यांपैकी बऱ्याच समूहातल्याच होत्या. मी फक्त तेजस्वितेवर चाळणी लावली होती, मंद ती दूरची असं धरून. समूहातल्या बुटक्या दीर्घिकाही मंदच असतात. भिंग त्यांना ताणत नाही, कारण त्या भिंगातच आहेत. त्यांच्या दिशा कशाही असतात आणि सरासरीत त्या पाण्यासारख्या मिसळून खरा परिणाम पातळ करतात. जिथे समूह दाट तिथे पाणी जास्त. म्हणून नेमका मधला भाग खाली बसतो आणि केंद्रीकरण खोटं कमी येतं.

मला अजूनही अस्वस्थ करतं ते हे, की चुकीचं उत्तर अपेक्षेच्या जवळ होतं. ३ ऐवजी १५ आलं असतं तर मी त्याच दिवशी यादी उघडली असती.

उपाय रंगाचा. समूहातल्या वृद्ध दीर्घिका रंग-तेजस्वितेच्या आलेखात एका तांबड्या रेषेवर बसतात. त्या रेषेहून स्पष्टपणे अधिक तांबड्या दिसणाऱ्या दीर्घिका मागच्याच, कारण ताम्रसृतीमुळे त्यांचा प्रकाश आणखी सरकलेला असतो. फक्त त्या ठेवल्या. ब्रॉडहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली याच समूहावर नेमकं हेच करून दाखवलं होतं. मी त्यांचा लेख वाचलाही होता, पण ‘तेवढी काटेकोर चाळणी मला नको, दीर्घिका फार कमी होतील’ असं ठरवून बसले होते.

कमी झाल्याच. दर चौरस आर्कमिनिटाला ३० वरून १० वर आल्या. १.५ ते २.५ आर्कमिनिटांच्या पट्ट्यात त्रुटी ०.०१४ वरून ०.०२५ झाली, पण शिअर ०.१० वरून ०.१९ वर गेला. बाहेर, १० आर्कमिनिटांच्या पलीकडे, फारसा फरक नाही. नव्या यादीची घनता केंद्राकडे चढत नाही. २२ तारखेच्या नोंदीतला ‘जमलं’ खोडलेला नाही, तसाच ठेवला आहे.

४ एप्रिल

वस्तुमानाचा नकाशा. कायझर आणि स्क्वायर्स यांनी १९९३ साली दिलेल्या पद्धतीने शिअरवरून पृष्ठीय घनता काढता येते, आणि फूरिये रूपांतराने संगणक ते काही सेकंदांत करतो. त्या सेकंदांत तीन चुका झाल्या.

नकाशाच्या एका कडेचं शिखर समोरच्या कडेला भुतासारखं उमटलं, कारण हे रूपांतर चित्राच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या धरतं. चारही बाजूंना शून्यांची रुंद पट्टी लावल्यावर ते गेलं. एका तेजस्वी ताऱ्याभोवतीचा भाग झाकला होता, तिथे खोटा खड्डा पडला. आता तिथे नकाशावर जाळी काढते, आकडा वाचत नाही. तिसरी चूक म्हणजे या नकाशावरून मी एकूण वस्तुमान मोजायला गेले. ते करता येत नाही. सगळीकडे सारखा थर वाढवला-घटवला तरी शिअर तोच राहतो. नकाशा आकार पाहण्यासाठी, वस्तुमान जुळणीतून.

नकाशा एक आर्कमिनिटाच्या मापाने गुळगुळीत केला आहे. या समूहापाशी एक आर्कमिनिट म्हणजे सुमारे १८५ किलोपार्सेक (सहा लाख प्रकाशवर्षं), तेव्हा त्याहून बारीक काही दिसणार नाही. मुख्य समूहाच्या ईशान्येला जवळच दीर्घिकांचा एक लहान गट आहे, तो माझ्या नकाशात मुख्य शिखरातच विरघळतो.

९ एप्रिल

तपासणी: सगळ्या दीर्घिका ४५ अंशांनी फिरवून नकाशा पुन्हा काढायचा. गुरुत्व असा नमुना देत नाही, म्हणून यात नुसता गोंधळ दिसायला हवा. माझ्या फिरवलेल्या नकाशात ईशान्य कोपऱ्यात ठसठशीत शिखर होतं, गोंधळाच्या साडेतीन पट. १४ फेब्रुवारीला ज्या कोपऱ्यावर खूण करून पुढे गेले होते तोच. ताऱ्यांची संख्या कमी आणि बहुपदी जास्त घाताची, त्यामुळे ती कडेला मोकाट सुटली होती. त्या सीसीडीवर घात कमी केला आणि अगदी कडेची पट्टी टाकून दिली. शिखर गेलं.

मग दीर्घिकांच्या दिशा यदृच्छेने बदलून ५०० नकाशे काढले, संगणक रात्रभर चालू होता. खऱ्या नकाशाचं मधलं शिखर त्यांच्या गोंधळाच्या दहापटीहून उंच आहे.

१८ एप्रिल

पुन्हा जुळणी, या वेळी सगळ्या दुरुस्त्यांसह. दोन गोष्टी आधी दुरुस्त कराव्या लागल्या. आपण मोजतो तो शुद्ध शिअर नसतो, घनतेमुळे फुगलेला असतो. बाहेर फरक जाणवत नाही, पण २ आर्कमिनिटांवर तो सुमारे २० टक्के आहे. दुसरं, एका लेखातलं वस्तुमान माझ्याशी जुळेना म्हणून दोन संध्याकाळी डोकं खाजवलं. तिथे हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, १०० धरून एकक ठरवलं होतं, मी ७०.

मागच्या दीर्घिकांच्या अंतरासाठी कॉसमॉस या बारकाईने पाहिलेल्या आकाशाच्या तुकड्यातल्या दीर्घिकांची यादी घेतली, तिच्यावर माझीच रंग आणि तेजस्वितेची चाळणी लावली आणि भिंगाच्या ताकदीची सरासरी काढली. ताम्रसृतीची सरासरी काढून मग ताकद काढू नये, उत्तर वेगळं येतं.

ज्या घनतेला भिंग पूर्ण ताकदीचं होतं ती इथे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.७ ग्रॅम येते. म्हणजे लाखो प्रकाशवर्षांची पूर्ण खोली दाबून सपाट केली तर जेमतेम पाऊण सेंटीमीटर पाण्याचा थर. एवढ्याशा थराने मागचं आकाश कमानींसारखं वाकतं.

माझे आकडे: वस्तुमान सुमारे १,४०० लाख कोटी सूर्य, दोन्ही बाजूंना ३०० ची त्रुटी. केंद्रीकरण ८, पण ६ ते १२ मध्ये काहीही चालेल. सिद्धांतापेक्षा जास्त. या समूहासाठी इतरांनाही जास्तच मिळालं आहे. सर्वांत पटणारं कारण असं, की तो गोल नाही. लांबट आहे आणि लांब टोक आपल्याकडे करून आहे, त्यामुळे आपल्या दृष्टिरेषेत वस्तुमान जास्त दाटलेलं दिसतं. एकट्या शिअरवरून हे मला सिद्ध करता येणार नाही.

केंद्र अर्ध्या आर्कमिनिटाने हलवून पाहिलं. वस्तुमान जवळजवळ तेच राहिलं, केंद्रीकरण ८ वरून ६ वर घसरलं. कोणी केंद्रीकरण सांगितलं की केंद्र कुठे धरलं ते विचारायचं, हे आता माझ्या यादीत आहे.

२ मे

आतल्या एका आर्कमिनिटासाठी दुर्बल परिणाम पुरत नाही. तिथे कमानी, म्हणजे मागच्या दीर्घिकांच्या खूप ताणलेल्या आणि एकाहून जास्त ठिकाणी उमटलेल्या प्रतिमा, वापराव्या लागतात. हबलने २००२ साली घेतलेल्या चित्रात ३० दीर्घिकांच्या शंभराहून जास्त प्रतिमा ओळखल्या गेल्या आहेत. मी दोन आठवडे प्रतिमांच्या जोड्या लावत बसले. चुकीची एक जोडी घेतली की वस्तुमानाचं गणिती प्रतिरूप ती जुळवण्यासाठी कुठेतरी नसलेला गोळा उभा करतं. हे काम थांबवलं आहे. माझा आलेख १ आर्कमिनिटाच्या बाहेरचाच धरावा.

१० मे

हेच काम करणाऱ्या मैत्रिणीला मूळ स्टॅक (एकमेकांवर बसवलेली छायाचित्रं) दिला, यादी दिली नाही. तिने स्वतःचा कोड आणि स्वतःची चाळणी लावली. ३ आर्कमिनिटांच्या बाहेर आमचे शिअर ३ टक्क्यांत जुळतात. सर्वांत आतल्या पट्ट्यात तिचा १५ टक्के कमी आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. त्या पट्ट्यात तिच्याकडे ४१ दीर्घिका अशा आहेत ज्या माझ्याकडे नाहीत, आणि जवळपास सगळ्या तांबड्या रेषेला अगदी खेटून. त्या समूहातल्या आहेत की माझीच चाळणी गरजेपेक्षा कडक आहे, ते रंगाच्या एका आकड्यावरून ठरत नाही. शनिवारी आम्ही दोघी त्या एकेक करून दोन्ही फिल्टरमध्ये उघडून पाहणार आहोत.